मातीवरचं पानासारखं दगडफूल: कुठली जात?

ओलावेडा:
अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातलं तेर्सेइरा बेट, साधारण 900 मीटर उंची, कायम धुकं. शेवाळात मातीवर पसरलेलं. ओलं असताना गडद तपकिरी, पृष्ठभाग गुळगुळीत. कडांना तांबूस, खोगिरासारखी उभी फळं. स्टिक्टा (दगडफुलांची एक प्रजाती) असेल का?

भिंगवाला:
पान उलटून 10 पट भिंगातून पाहा. स्टिक्टाच्या खालच्या बाजूला कडा असलेले गोल खळगे असतात. शिरांचं जाळं आणि मुळांसारखे धागे दिसले, तर पेल्टिजेरा, ही दुसरी प्रजाती. फळं पानाच्या खालच्या अंगाला असती, तर नेफ्रोमा, ही तिसरी प्रजाती, म्हटलं असतं.

ओलावेडा:
शिरा आहेत, पुसट. धागे तुरळक.

मृदगंध:
मग पेल्टिजेराच. पण ‘गुळगुळीत’वर इतक्यात विसंबू नका. ओल्या पानावर बारीक लव चिकटून बसते आणि दिसेनाशी होते. इथेच बहुतेकांची गल्लत होते. सावलीत पूर्ण वाळवा, मग टोकांकडे तिरप्या उजेडात पाहा. लव दिसली तर पेल्टिजेराच्या कॅनिना-मेम्ब्रेनेसिया या जातींकडे वळा. चकचकीतच राहिलं तर पॉलिडॅक्टिलॉन गट. पुसट शिरांमुळे माझा कल त्यातल्या हायमेनिना जातीकडे. उभ्या फळांमुळे होरिझॉन्टालिस ही जात बाद, त्याची फळं आडवी, सपाट असतात.

भिंगवाला:
सहमत. मात्र या गटात नुसत्या फोटोवरून जातीचं नाव ठोकू नये, टीएलसी (पातळ थरावर रसायनं वेगळी करून ओळखण्याची चाचणी) करावी लागते. नमुना कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.