मदत हवी आहे: मिरचीच्या देठांनी दही लागतं का? आमच्याकडे देठ न घातलेलं दूधही लागलं!

वहीवाली (इंदूर):

नमस्कार मंडळी. प्रश्न दह्याचा आहे, पण तो कशामुळे पडला ते सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही. म्हणून थोडं लांबवते.

दिवाळीनंतर आमच्या वन्संचं मनगट भाजलं. एका रीलमध्ये दाखवलं होतं, शिट्टी चिमट्याने उचलून धरायची, सगळी वाफ निघून जाते आणि कुकर मिनिटभरात उघडतो. वन्संनी पुरणासाठी हरभऱ्याची डाळ लावली होती. शिट्टी उचलली आणि डाळीचं पाणी कारंजं उडावं तसं थेट छतापर्यंत गेलं. तो डाग कितीदा पुसला तरी ऊन पडलं की पिवळा दिसतो. हातावर फोड आले, दोन-तीन आठवडे पट्टी होती, पोळ्या लाटता येत नव्हत्या. आणि ते रील घरच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं, स्वतः करून न बघता. वन्सं मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाटतं.

तेव्हापासून एक वही केली आहे. जी ट्रिक मी स्वतः करून पाहिली नाही, ती पुढे पाठवायची नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या रामबागेतल्या भिशीच्या बायका येतात, त्यांना ही वही वाचून दाखवायची आहे. म्हणून त्यात चुकीचं काही जायला नको.

आतापर्यंत काय काय झालं ते सांगते. आमटी खारट झाली की बटाटा टाका म्हणतात. आमटी मुद्दाम खारट केली, दोन पातेल्यांत सारखी वाटली, एकीत बटाट्याच्या फोडी टाकल्या आणि दोन्ही वीस मिनिटं मंद आचेवर ठेवल्या. बटाटा छान खारट लागला, आमटी मात्र होती तितकीच खारट. सासूबाईंनी दोन्ही चाखल्या आणि म्हणाल्या, "बटाट्याने मीठ नाही प्यायलं गं, आमटी प्यायली." मला तरी हे पटलं. बटाटा खारट पाणीच शोषतो, त्यातलं मीठ तेवढं वेगळं काढून घेत नाही.

लसूण बरणीत घालून जोराने हलवला की सोलून निघतो, हे जुन्या वाळक्या लसणाला लागू पडलं, नव्या ओल्या लसणाला नाही. दुधाच्या पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवलं तर पहिला फेस बसतो, पण आच मोठी असेल तर नंतर दूध त्याच्याखालून निघून ओट्यावर येतंच. वरणाच्या कुकरमध्ये चमचाभर तेल घातलं की शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही, हे पाचही वेळा खरं ठरलं.

आता अडलंय ते दोन ठिकाणी.

पहिलं दही. विरजण नसेल तर कोमट दुधात हिरव्या मिरच्यांचे देठ टाका, सकाळी दही तयार, असं सगळीकडे सांगतात. माझं पहिल्या वेळी लागलं, मऊ आणि थोडं पाणी सुटलेलं. पुढच्या दोन्ही वेळी नाही लागलं. चौथ्या वेळी तीन वाट्या घेतल्या, एकीत पाच देठ, एकीत चमचाभर विरजण, एकीत काहीच नाही. तिन्ही पिठाच्या डब्यात शालीत गुंडाळून ठेवल्या. सकाळी बघते तर तिन्ही लागलेल्या! मग देठांनी काय केलं? आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर्षानुवर्षं देठांनीच दही लावतात, त्यांचं एकदाही बिघडत नाही. त्यांना मी काय सांगू?

दुसरं, तुरीच्या डाळीत चिमूटभर खायचा सोडा. मंगळवारी सोडा घालून लावली, तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. बुधवारी सोड्याशिवाय तीनच शिट्ट्या, दाणा दाताखाली येत होता. म्हणून वहीत लिहिलं, "सोडा खरा." गुरुवारी सोडा न घालता लावली तरी उत्तम शिजली. लिहिलेलं खोडलं. काय चुकतंय?

एक थर्मामीटर आणलाय. उकळत्या पाण्यात तो ९८ दाखवतो. बिघडलेला असेल तर दुधाचं मापही चुकलं असणार. तेही सांगा.

---

जुने मास्तर (देवास):

ताई, थर्मामीटर बिघडलेला नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ एक अंशाने खाली येतो, म्हणून तुमच्याकडे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. माझ्या प्रयोगशाळेत दरवर्षी कोणी ना कोणी पोरगा हाच प्रश्न विचारायचा.

डाळीबद्दल एकच विचारतो. मंगळवारी नळाला नर्मदेचं पाणी होतं की बोरिंगचं?

वन्संच्या बाबतीत काय झालं तेही सांगतो, भिशीत नक्की सांगा. कुकरच्या आत दाब असतो, म्हणून पाणी शंभरच्या बरंच वर, १२० अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि तरी उकळून बाहेर येत नाही. दाब एकदम गेला की ते सगळं एकाच क्षणी उकळतं. साध्या पाण्याची नुसती वाफ होते, डाळीचा मात्र फेस होतो आणि तो मिळेल त्या भोकातून वर चढतो. भोकात डाळीचं साल अडकलं तर आणखी वाईट. ही ट्रिक तपासू नका. घरी तपासण्यासारखी ती नाहीच.

---

वहीवाली:

मास्तर, तुमचं वाचलं आणि कपाळावर हात मारला. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते. मंगळवारी आली होती. बुधवारी टाकीत बोरिंगचं होतं. गुरुवारी परत नर्मदा असणार. मी सोडा बदलला असं धरून चालले, पण पाणीही बदललं होतं.

---

जुने मास्तर:

तेच म्हणायचं होतं. माळव्यातलं बोरिंगचं पाणी कातळातून येतं, जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे, आणि कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं. सोडा उलट ते सैल करतो. म्हणून जड पाण्यात सोड्याचा फरक मोठा दिसेल, हलक्या पाण्यात कमी. चिंच किंवा आमसूल आधी घातलं तर डाळ कडक राहते, त्याचं कारणही जवळपास हेच, आंबटपणा पेक्टिन विरघळू देत नाही. मात्र सोडा चिमटीपेक्षा जास्त नको. साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं.

---

बडोद्याची लेक:

मी बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शिकले. चवीच्या तपासणीला आम्ही तीन वाट्या द्यायचो. दोनांत एकच पदार्थ, तिसऱ्यात वेगळा. कुठल्या वाटीत काय आहे हे खाणाऱ्याला सांगायचं नाही, फक्त वेगळी वाटी ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगतो. सहा जणींपैकी पाच जणींनी ओळखली तर फरक खरा धरायचा, चौघींनी ओळखली तर तो योगायोगही असू शकतो. सासूबाईंना आमटी देताना कुठली बटाट्याची हे त्यांना माहीत होतं का? माहीत असेल तर तो निकाल वहीत "पुन्हा करायचा" म्हणून लिहा. आमटीचं म्हणणं चुकीचं आहे असं नाही, पण भिशीत कुणी विचारलं तर उत्तर असावं.

दह्याचं सांगते. दूध उकळलं तरी ज्या वाटीत ते ओतता तिला, ज्या चमच्याने ढवळता त्याला, झाकणाला दही करणारे जिवाणू चिकटलेले असतात. रोज दही लावणाऱ्या घरात तर हमखास. तिन्ही वाट्या एकाच चमच्याने ढवळल्या का? वाट्या आणि चमचे उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुसू नका, तसेच निथळू द्या. दूध एकाच पातेल्यातून, ४० ते ४५ अंशांवर, एकाच वेळी ओता. देठ ताज्या मिरचीचे घ्या, खळखळून धुवू नका, जिवाणू देठावरच असतात. "काहीच नाही" वाली वाटी लागली तरी चाखू नका. उकळून जे जिवाणू मरत नाहीत, तेही दूध घट्ट करतात आणि ते दह्याचे नसतात. आंबट वास येतो का एवढं बघा आणि टाकून द्या.

---

पाहुणी (पुणे):

रील बघताना अजून एक लक्षात ठेवा. बऱ्याच व्हिडिओंत आधीचं भांडं वेगळं आणि नंतरचं वेगळं असतं, मधे कट असतो. ऑस्ट्रेलियातली अ‍ॅन रिअर्डन, अन्नशास्त्र शिकलेली बाई, असे व्हिडिओ दाखवलंय तसेच करून बघते आणि कुठे फसतं ते दाखवते. तिचं बघून मी एक शिकले: आधी दाखवलंय तसंच करायचं, आपली अक्कल घालून सुधारायचं नाही. नाहीतर आपण तपासतो ते भलतंच.

---

वहीवाली (आठ दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलंत तसं केलं, आता निकाल.

डाळ: एकाच कुकरमध्ये दोन डबे, म्हणजे आच आणि वेळ सारखी. डाळ एकाच पुड्यातली, सियागंजहून आणलेली, वाटीने मोजून. एका डब्यात नर्मदा, दुसऱ्यात बोरिंग, सोडा कशातच नाही. तीन शिट्ट्या. नर्मदेची डाळ रवीने दोनदा फिरवली की एकजीव झाली. बोरिंगची शिजली होती, पण घोटताना दाणे रवीच्या पात्यांत अडकत होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही डब्यांत बोरिंग, एकात चिमूट सोडा. सोड्याची मऊ झाली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. वहीत आता असं लिहिलंय: "बोरिंगच्या पाण्याला चिमूट सोडा, नर्मदेला नको."

आमटी: सासूबाई, वन्सं, माझ्या दोन मुली, शेजारच्या वहिनी आणि खालच्या काकू, अशा सहा जणी. तीन-तीन वाट्या, खाली खडूच्या खुणा. कुणालाच काही माहीत नव्हतं. वेगळी वाटी दोघींनी ओळखली, चौघींनी चुकीची दाखवली. बटाट्याचा विषय संपला.

दही: वाट्या, चमचे, झाकणं सगळं उकळलं. दूध पिशवीचं, उकळून ४३ अंशांवर आणलं. प्रत्येक वाटीला वेगळा चमचा. हवेत गारठा आहे म्हणून तिन्ही वाट्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वर शाल. बारा तासांनी विरजणाची वाटी घट्ट, सुरीने कापता येईल अशी. देठाची लागलेली, मऊ, कडेला पाणी, आंबट वास. काहीच नसलेली वाटी मी तिरकी केली तर दूध सरळ वाहत कडेला आलं. पुन्हा केलं, तेच. म्हणजे देठ काम करतात, आणि आधी जे लागलं होतं ते माझ्या चमच्यामुळे. चारही वेळा एकाच चमच्याने ढवळलं होतं, आणि तो ताकाच्या भांड्यातला होता. मधल्या दोन वेळा का नाही लागलं ते अजून कळलं नाही. तेव्हा मिरच्या फ्रीजमधल्या आणि धुतलेल्या होत्या, एवढंच आठवतं.

खालच्या काकूंचं मात्र राहून गेलं होतं. त्या दही मातीच्या मडक्यात लावतात, तेच मडकं गेली कितीतरी वर्षं. मी विचारलं, "काकू, एक रात्र देठ न टाकता लावाल का? दूध मी देते." त्या थोड्या नाराज झाल्या. ही युक्ती त्यांना त्यांच्या आईने शिकवली होती, ग्वाल्हेरला, लग्नाच्या आधी. पण लावलं. सकाळी त्या स्वतः मडकं घेऊन वर आल्या. दही लागलं होतं, नेहमीसारखंच, वर साय धरलेली. इतक्या वर्षांचं दही त्या मातीच्या छिद्रांत बसलंय. काकू बराच वेळ मडक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देठ मी टाकतच राहीन हं." मी म्हटलं, टाका की काकू, बिघडत तर काहीच नाही.

आता एकच विचारायचंय. देठाच्या वाटीतलं एक चमचा दही आज रात्री विरजण म्हणून नव्या दुधात घालतेय. दुसऱ्या पिढीचं घट्ट लागतं असं ऐकलंय. कुणी करून पाहिलंय का? आणि पाहिलं असेल तर भांडं उकळून घेतलं होतं का?