उद्यानाला टाळे लावणे वेगळे, मुलांना घरात बसवणे वेगळे

मूळ मुद्दा

रात्री दहाला उद्यानाचे फाटक बंद करणे आणि त्याच वेळेनंतर अठरा वर्षांखालील मुलांना बाहेर फिरण्यास मनाई करणे, हे दोन नियम आपल्याकडच्या ठरावांत अनेकदा एकाच दमात मांडले जातात. माझ्या मते त्यांची जातकुळीच वेगळी आहे. फाटकाचा नियम जागेला लागू होतो. तो साठीच्या गृहस्थांना आणि सोळा वर्षांच्या मुलीला सारखाच अडवतो. संचारबंदी मात्र व्यक्तीला लागू होते, आणि तीही तिने काही केले म्हणून नव्हे, तर तिचे वय कमी आहे म्हणून. अमेरिकेत ओमाहा शहराने असा नियम १८८० मध्येच केला आणि १९९० च्या दशकात तेथील शेकडो शहरांनी तो स्वीकारला. तरीही कॅम्पबेल कोलॅबोरेशन या, झालेल्या संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात, अशा नियमांमुळे मुलांचे गुन्हे घटतात याला आधार सापडला नाही. त्यात नवल नाही. शाळेच्या दिवसांत तेथील मुलांची हिंसा शाळा सुटल्यानंतरच्या तासांत सर्वाधिक असते, आणि त्या वेळी संचारबंदी नसतेच.

प्रतिसाद : असहमत

आपण आइसलँडला सोयीस्कररीत्या वगळलेत. तेथे हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळा वयाच्या मुलांना दहानंतर मोठ्यांच्या सोबतीशिवाय बाहेर राहता येत नाही. उन्हाळ्यात दोन तासांची सवलत मिळते. महिन्याभरात कधीतरी मद्याच्या नशेत असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे प्रमाण तेथे १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. याला योगायोग म्हणायचे काय?

मूळ लेखकाचे उत्तर

योगायोग नव्हे, पण श्रेय एकट्या संचारबंदीचेही नव्हे. त्याच काळात तेथे खेळ आणि कलांच्या वर्गांसाठी सरकारी पैसा आला, दारू-तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली आणि पालक स्वतः संध्याकाळी गस्त घालू लागले. आपल्याकडचे ठराव यातला सर्वांत स्वस्त भाग तेवढा उचलतात.

आणखी एक प्रतिसाद

दोघेही अंमलबजावणीविषयी बोलत नाही आहात. वय चेहऱ्यावर लिहिलेले नसते, त्यामुळे कोणाला हटकायचे हे गस्तीवरचा शिपाई ठरवतो, आणि लहान घरात अभ्यासालाही कोपरा नसलेला मुलगाच रस्त्यावर अधिक दिसत असल्याने तोच अधिक वेळा हटकला जातो. अमेरिकी न्यायालयांपुढे कळीचा ठरला तो अपवादांचा प्रश्न : कामावरून परतणे, पालकांची सोबत, आणीबाणी अशा सवलती असलेला डॅलसचा नियम १९९३ मध्ये टिकला, तर अपवाद अपुरे असलेला सॅन दिएगोचा नियम १९९७ मध्ये रद्द झाला.

असहमत सदस्यांचे उत्तर

अपवाद असावेत, हे मान्य. तरीही पहाटे दोन वाजता एकटे भटकणारे अकरा वर्षांचे मूल दिसल्यावर त्याला घरी पोहोचवण्याचा अधिकार कोणाकडे तरी हवाच.

मूळ लेखक

तो अधिकार बालसंरक्षणाच्या कायद्यातून देता येतो. त्यासाठी मुलाला दंड किंवा पोलिसी नोंद कशाला हवी, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि सतरा वर्षांच्या मुलाला त्याच अकरा वर्षांच्या मुलाच्या पंक्तीत बसवणारा ठराव मला मान्य नाही.