तिवरे वाढली म्हणजे रोहित पक्षीही वाढणार का?

ऐरोलीकर (प्रश्न): ठाणे खाडीच्या आमच्या काठाला पूर्वी ओहोटीच्या वेळी मोकळा चिखल दूरवर दिसत असे; आता तिथे तिवरांची (खारफुटीची) दाट झाडी माजली आहे. तिवरे खाडीला पोसतात असे आपण सर्वत्र वाचतो. मग या वाढीचा रोहित पक्ष्यांनाही (फ्लेमिंगोंनाही) फायदाच होत असणार, हा तर्क बरोबर आहे का?

पक्षीनिरीक्षक: इतका सरळ हिशेब नाही. आपल्याकडे मोठ्या संख्येने येणारा लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो ही जात) चोच उलटी धरून, जीभ मागेपुढे करत पाणी आत ओढतो व बाहेर टाकतो, आणि चोचीच्या कडांवरील बारीक पट्ट्यांच्या गाळणीत सूक्ष्म शैवाल अडकते. हे शैवाल ऊन मिळणाऱ्या उघड्या, ओल्या चिखलावर चांगले वाढते. पक्ष्याचा गुलाबी रंगही त्यातल्याच रंगद्रव्यांचा. झाडीच्या सावलीत आणि चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांच्या दाटीत या लांब पायांच्या पक्ष्याला चरता येत नाही, म्हणजे त्याच्यापुरते बोलायचे तर प्रत्येक नवे तिवर थोडे कुरण खाते.

खाडीकाठ: वरील उत्तर योग्य आहे, पण अर्धे आहे. गळलेली पाने खेकडे बिळात ओढून नेतात, उरलेली कुजतात, आणि ते पोषण भरती-ओहोटीबरोबर मोकळ्या चिखलापर्यंत पोहोचते; बिळांमुळे खालच्या गाळाला हवाही मिळते. मूळ प्रश्न गाळाचा आहे. खाडी उथळ होते तशी तिवरांना रुजायला जमीन मिळते, मुळांपाशी पाण्याचा वेग मंदावून आणखी गाळ बसतो, आणि झाडी पुढे सरकते. यावरून कोणी कुऱ्हाडीचे समर्थन काढू नये (असे महाभाग असतातच). गाळ आणि सांडपाणी तसेच राहिले, तर तोडून काहीच साधणार नाही.

नेरूळवासी: एक मुद्दा राहिला. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की हे पक्षी नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्सकडील पाणथळ जागांवर विसाव्याला येतात. खाडीतील अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले, 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. परंतु पक्ष्यांचा दिवस त्या हद्दीत मावत नाही. या तळ्यांत भरतीचे पाणी येण्याचा मार्ग बुजला, तर पाणी साचून खराब होते किंवा आटते, आणि खाडीत खाद्य मुबलक असूनही भरतीचे ते काही तास पक्ष्यांना टेकायला जवळपास जागा उरत नाही.