शेजारीण 'क्रोन' होतेय, आईला घेऊन जाऊ का?

दोनकपचहा
मी ब्रिस्टलला राहते. आमची शेजारीण, वय ६१, विक्कन आहे, देवी आणि निसर्ग पूजणाऱ्या विक्का ह्या तिकडच्या नव्या पंथातली. म्हणजे दारावर झाडू टांगलेला, गळ्यात मधे गोल चंद्र आणि त्याला दोन्हीकडून पाठ टेकवलेल्या दोन कोरी असं पेंडंट, बाकी एकदम साधी बाई, आमची कुरिअर घेऊन ठेवते. येत्या शनिवारी तिच्या मागच्या अंगणात तिचं 'क्रोनिंग' आहे म्हणे. डिक्शनरीत क्रोन बघितलं तर अर्थ निघाला थेरडी! स्वतःला थेरडी म्हणवून घ्यायचा समारंभ कोण करतं??
खरा प्रश्न वेगळा आहे. आई सहा महिन्यांसाठी आलीये, बाबांना जाऊन ३ वर्षं झाली. शेजारणीने माझ्यापेक्षा आईलाच जास्त आग्रह केलाय, तू माझ्या बाजूला बस म्हणून. आणि आई मला स्वयंपाकघरात हळूच विचारते, "अगं पण कार्य आहे ना, मी चालते का त्यांना?" काय सांगू तिला? आणि न्यायचं काय, मी खणानारळाने ओटी भरायचा विचार करत होते. शिवाय हे लोक कपडे काढून पूजा करतात असं कुठेतरी वाचलं, ते खरं असेल तर आईला नेणं अवघड आहे 😅

अर्धीभाकरी
कपड्यांचं आधी सांगते, टेन्शन घेऊ नकोस. ती पद्धत विक्का पंथ सुरू करणाऱ्या जेरल्ड गार्डनरच्या परंपरेतल्या काही कोव्हेनमध्ये आहे, कोव्हेन म्हणजे त्यांचा छोटा गट, आणि तिथे दीक्षा घेतलेल्यांनाच प्रवेश असतो. शेजारपाजारच्यांना बोलावलंय म्हणजे सगळे कपड्यांतच असणार, आणि ब्रिटनच्या हवेत तर स्वेटरमध्ये.
पेंडंटचं असं की डावी कोर शुद्ध पक्षातली, ती कुमारी. मधली पौर्णिमा म्हणजे माता, आणि उजवी वद्य पक्षातली कोर म्हणजे क्रोन. देवी एकच, रूपं तीन, आणि बाईच्या आयुष्याचे टप्पेही तेच. क्रोनिंग कुणी पाळी जाऊन वर्ष झालं की करतं तर कुणी शनीची दुसरी फेरी पूर्ण झाली की, म्हणजे साधारण ५८-५९ ला (शनी म्हटलं की आपण साडेसातीला घाबरतो, ह्या बायका केक कापतात). मी अमेरिकेत एकीच्या क्रोनिंगला गेले होते. गोल रिंगण, मधे मेणबत्त्या, डोक्यावर आयव्हीचा वेल, आणि प्रत्येकीने तिच्याकडून काय शिकलो ते सांगायचं. रिंगणात फिरायचं ते उजवीकडून, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. मांडलेल्या वस्तूंत काळ्या मुठीची सुरी असेल, तिला हात लावू नका, ती पूजेची असते.

जुनीवही
एक करेक्शन नाही पण भर घालतो, कारण हे सगळं हजारो वर्षांचं आहे असं तिथे कुणीतरी नक्की ऐकवणार. नाहीये. प्राचीन ग्रीसमध्ये तीन देहांची हेकाटी नावाची देवी होती, अल्कामेनिस ह्या शिल्पकाराने तशी मूर्ती पहिल्यांदा घडवली असं पॉसेनियस ह्या ग्रीक प्रवासवर्णनकाराने लिहून ठेवलंय, पण तिच्या मूर्तीत तिघी एकाच वयाच्या दिसतात, तरुण. एक पोरगी, एक आई, एक म्हातारी हा सेट आज ज्या रूपात माहिती आहे तो मुख्यतः रॉबर्ट ग्रेव्हज ह्या कवीच्या १९४८ च्या 'द व्हाइट गॉडेस'मधून पसरला. आणि गंमत बघा, ग्रेव्हजच्या एका मांडणीत त्या तिघी म्हणजे आई, नवरी आणि प्रेताची तयारी करणारी. कुणाची आई आणि कुणाचं प्रेत? पुरुषाचंच की! म्हणजे हे टप्पे मुळात बाईचे नव्हतेच, पुरुषाला आयुष्यात भेटणाऱ्या बायका होत्या. इंग्लंडमध्ये जादूटोण्याचा जुना कायदा १९५१ ला गेला, १९५४ ला गार्डनरचं ह्या पंथावरचं पुस्तक आलं, आणि पुढे अमेरिकेत सत्तरच्या दशकात स्त्रीवादी बायकांनी ही देवी उचलली आणि तिला स्वतःच्या अंगावर मापून घेतलं, तेव्हा कुठे थेरडी ही शिवी न राहता पदवी झाली. रोनाल्ड हटन ह्या इतिहासकाराने हे सगळं नीट खणून काढलंय, आणि तो तुमच्याच ब्रिस्टलच्या विद्यापीठातला. नवीन आहे म्हणून खोटं आहे असं मी म्हणत नाही हां, आपली सत्यनारायणाची पूजा तरी कुठे वेदांतली आहे.

उन्हाळी_आमसूल
पण मला एक खटकतं, पूर्णचंद्र फक्त आईलाच का? मला मूल नाही, ठरवून नाही. मग मी कोरीवरून थेट कोरीवर उडी मारायची का? तिकडेही ह्यावर वाद आहेत म्हणा, कुणी म्हणतं माता म्हणजे काहीही घडवणारी, पुस्तक नाहीतर बाग लावणारी, तर कुणी माता आणि क्रोनच्या मधे 'क्वीन' असा चौथा टप्पा घालतं. मला ती क्वीन आवडली पण चंद्राच्या हिशोबात बसत नाही बिचारी.

अर्धीभाकरी
@उन्हाळी_आमसूल चंद्राला एवढी सवलत द्यायला काय हरकत आहे 😄
आणि @दोनकपचहा ओटी नको गं. ओटी म्हणजे कूस भरलेली राहो, आणि ती तर नेमकं ते संपल्याचं साजरं करतेय! घरी केलेलं काहीतरी खायला ने, शेवटी सगळे मिळून खातात-पितात.

पंचगंगाकाठ
काकूंना बिनधास्त न्या. आपल्याकडे कुमारिका, सवाष्ण, विधवा हे टप्पे नवरा आहे की नाही ह्यावर ठरतात, तिकडे बाईच्या अंगावरून ठरतात, एवढा फरक आहे. त्यामुळे तिथं "चालते का" हा प्रश्नच कुणाला कळणार नाही. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या ह्या प्रथा बंद करायचा ठराव मे २०२२ मध्ये केला, पण ठराव झाला तरी बायका स्वतःहून मागंच बसतात हे बघितलंय. शेजारीण बाजूला बस म्हणतेय तर काकूंना पुढं बसू द्या.

दोनकपचहा
थँक्यू सगळ्यांना. आईला हे वाचून दाखवलं, हेकाटीला तिने "अय्या, दत्तच की" म्हटलं. बेसनाचे लाडू न्यायचं ठरलंय, आत्ता बेसन भाजतेय, स्मोक अलार्म दोनदा वाजला. साडी निळी काढलीये. मी म्हटलं हिरवी नेस की, तर म्हणाली "एकदम एवढं नको". मग जरा वेळाने स्वतःच विचारलं, हिरव्या ब्लाउजला इस्त्री आहे का.