उजनीसाठी घेतलेली जुनी शिडाची होडी: सोलापुरात काय दुरुस्त होईल, काय बाहेरून आणावं?

हिप्परग्याचा_वारा:

नमस्कार मंडळी. पुण्याच्या एका क्लबनं मोडीत काढलेली ‘एंटरप्राइज’ जातीची होडी मी उचलून आणलीय. सव्वातेरा फूट लांब, फायबरची, ॲल्युमिनियमची डोलकाठी, एक मोठं शीड आणि एक पुढचं लहान. शिडं मूळची निळी होती, आता शाळेच्या जुन्या युनिफॉर्मसारखी विटलीत. सध्या होटगी रोडच्या आमच्या गोडाऊनमध्ये टायरांवर ठेवलीय. आजूबाजूचे लोक येऊन विचारायलेत, “हे कुठं चालवणार ओ? कंबर तलावात का?” पाऊस संपून उजनी भरली की तिकडं उतरवायचा विचार आहे.

आता रडगाणं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारांपैकी एकीच्या टोकाला, जिथं नळीत चिमटून गाठ केलीय तिथं, तांबूस डाग आहे. हार्डवेअरवाला म्हणतो, बोअरमध्ये मोटर सोडायची चार मिलिमीटरची तार देतो, यू-क्लॅम्प मारून देतो, हत्ती बांधा. होडी हलवली की डाव्या बाजूच्या बंद टाकीत पाणी डुचमळतं. डोलकाठीच्या टोकाची कप्पी फिरत नाही. सुकाणूच्या बिजागऱ्या ढिल्या आहेत. शिडांची शिवण बऱ्याच ठिकाणी उसवलीय. ओळखीचा पेंटर मात्र म्हणतोय, आधी घासून दोन हात मारू, नव्यासारखी दिसेल.

सगळं सामान बाहेरून मागवायचं तर होडीच्या किमतीपेक्षा बिल मोठं होतंय. सुरुवात कुठून करू?

जुना_सॅपर:

भाऊ, पेंटरला चहा पाजून घरी पाठवा. चकाकी सगळ्यात शेवटी, आणि नाही केली तरी होडी तेवढीच पळते.

फौजेत असताना खडकवासल्याच्या पाण्यावर याच जातीच्या होड्या चालवल्या आणि दुरुस्तही केल्या. १९५६ साली जॅक होल्टनं आखलेली ही होडी, नुसतं धड ९०-९५ किलोचं आणि त्यावर जवळजवळ साडेदहा चौरस मीटर शीड. म्हणजे वजनाच्या मानानं कापड भरपूर. त्यामुळं तिच्यावरच्या वस्तूंना ताण खरोखर बसतो, ती शोभेची नाही.

सामान घेताना माझा हिशेब असा: जी वस्तू तुटली तर होडी नुसती थांबते, ती सोलापुरात बनवून घ्या. जी तुटली तर डोलकाठी डोक्यात येते किंवा होडी बुडते, तिच्यात काटकसर बिलकुल नको.

म्हणून बोअरची तार नाही. तुमची डोलकाठी तीनच तारांवर उभी असते, दोन बाजूंना दोन आणि पुढं एक. बोअरची तार बारीक काड्यांच्या अनेक पेडांची, मऊ, वळायला सोपी. ताण आला की पेड आवळले जातात आणि तार लांबते. तिला मोटर टांगायची असते, दोन-चार सेंटिमीटर लांबली तर कुणाला काय फरक पडतो? इथं तेवढ्यानं डोलकाठी एका बाजूला कलते आणि प्रत्येक झोतात झटका खाते. शिडाच्या होडीला एकोणीस काड्यांचा एकच पेड असलेली कडक स्टेनलेस तार लागते, अडीच ते तीन मिलिमीटर. दिसायला तुमच्या चार मिलिमीटरपेक्षा किरकोळ, पण लांबत नाही. आणि ते यू-क्लॅम्प. त्याची यू-ची बाजू चुकून ताणाच्या तारेवर आली तर तो तारच चेमटतो. बरोबर बसला तरी नटाची टोकं शीड फाडतात आणि तुमची पोटरीही.

तांबूस डाग आहे तीच खरी दुखरी जागा. स्टेनलेस टिकतं ते वरच्या अगदी पातळ थरामुळं, आणि तो थर टिकायला हवा लागते. चिमटलेल्या नळीच्या आत पाणी शिरून बसतं, हवा पोचत नाही, मग आतल्या आत खड्डे पडतात. बाहेरची तार लखलखीत असते आणि नळीच्या तोंडाशी एके दिवशी पटकन सुटते. तपासायचं असेल तर सोलापुरात कापसाला तोटा नाही. मूठभर कापूस घ्या आणि तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तुटलेली काडी असेल तिथं तंतू अडकतात. नुसत्या बोटानं हे करू नका. एक काडी जरी तुटलेली निघाली तरी तिन्ही तारा बदला, कारण तिघींचं वय एकच. जुन्या तारा फेकू नका. मुंबईत होड्यांच्या तारा यंत्रावर चिमटून देणारे आहेत, त्यांना जुन्या तारा नमुना म्हणून पाठवा. माप मात्र तार ताणून, पिनच्या भोकापासून पिनच्या भोकापर्यंत घ्या.

दुसरं, टाकी. ही टाकी म्हणजे होडीचं लाइफ जॅकेट. होडी उलटली की आतली हवाच तिला वर धरते. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली, ते आपल्या याच पाण्यात. त्यामुळं टाकी सुकल्याशिवाय आणि हवाबंद झाल्याशिवाय होडी पाण्यावर नेऊ नका, तारा कितीही नव्या असोत.

गळती शोधायला कुणीतरी कॉम्प्रेसर आणेल. लावू देऊ नका. एक पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर एक पौंड दाब, ऐकायला काहीच नाही, पण एक चौरस मीटरच्या पत्र्यावर तो सातशे किलो होतो. टाकी फुगून सांधे उकलतील. गवंड्याची लेव्हल ट्यूब घ्या, यू आकारात फळीला बांधा, निम्मी रंगीत पाण्यानं भरा आणि एक टोक टाकीच्या बुचाला घट्ट बसवा. दुसऱ्या बारीक नळीतून तोंडानं हवा फुंका. दोन बाजूंच्या पाण्यात पाच सेंटिमीटरचा फरक आला की थांबा आणि फुंकायची नळी चिमटून धरा. फरक टिकला तर टाकी चांगली. पाणी सरकायला लागलं तर ब्रशनं साबणाचं पाणी मारत सगळ्या सांध्यांवरून, बुचाच्या कडेवरून आणि स्क्रूंवरून फिरा. फेस येईल तिथं भोक. हे काम सकाळी लवकर उरका. सोलापूरच्या उन्हात टाकीतली हवा तापून फुगते आणि ट्यूब खोटं बोलते.

कप्पी आणि बिजागऱ्यांचं काम तुमच्या गावातलं, ते इथले लेथवाले सांगतील.

मागावरचा_माणूस:

सॅपर काकांना नमस्कार. कप्पीचं मी सांगतो. आमच्याकडं मागाच्या स्पेअरसाठी नायलॉनचा दांडा घेऊन लेथवर पाहिजे ते कातून देणारे ढिगानं आहेत. पण पाण्यातल्या कामाला साधं नायलॉन नको. ते पाणी पितं, फुगतं आणि खाचेत अडकतं. तुमची कप्पी फिरत नाही त्याचं तेच कारण असू शकतं, काढून सुकवून बघा की एकदा. नवीन करायची तर डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकचा दांडा मागा, थोडा महाग पडतो पण फुगत नाही. लेथवाल्याला जुनी कप्पी नुसती दाखवू नका, त्याच्याजवळच ठेवा, आणि दोरीची खाच गोल कातायला सांगा. व्ही आकाराची कातली तर दोरी चेपून बसते. त्यांना पट्ट्याच्या पुलीची सवय, हात आपोआप व्ही कडं जातो.

शिवणीचं आमच्या मंडळींनी बघितलं असतं तर हसली असती. तुम्ही टॉवेलवाल्याकडं जाल. त्याचं मशीन सरळ टाका मारतं. शिडाचं कापड वाऱ्यात ताणतं, सरळ टाक्यातला दोरा ताणत नाही, मग तुटतो. तुमच्या शिडाची जुनी शिवण बघा, नागमोडी असणार. नागमोडी टाका कुठं मिळतो? साडीला पिको करणाऱ्याकडं! गल्लीगल्लीत दुकानं आहेत. दोन पदरांच्या शिवणीला ते मशीन पुरतं, सुई तेवढी सोळा नाहीतर अठरा नंबरची लावायला सांगा. दोरा पॉलिस्टरचा, चपला-बॅगांना वापरतात त्यातला पातळ. सुती नको, कुजतो. नायलॉन नको, उन्हात लवकर मरतो. शिवण्याआधी दोन्ही पदर दुहेरी चिकटपट्टीनं जोडून न्या, कारण ते कापड गुळगुळीत, मशीनखाली सरकतं. जुनी शिवण उसवत बसू नका, तिच्या शेजारून नवी मारा.

कोपऱ्यांवर पाच-सहा थर असतात, तिथं पिकोचं मशीन बंद पडेल आणि बाई तुम्हाला बाहेर काढतील. ते चपला शिवणाऱ्याकडून आरीनं, मेण लावलेल्या दोऱ्यानं हातशिलाई करून घ्या.

रत्नांग्रीचा_खलाशी:

वाचून मजा आली, घाटावर शिडं! एकच सांगतो. स्टेनलेस घेताना ३१६ नंबरच्या प्रतीचं घ्या, ३०४ घेतलंत तर वर्षात डागाळतं. आणि डोलकाठीवर ॲल्युमिनियमला स्टीलचे स्क्रू थेट मारलेले असतील तर ते सगळे काढा, खाली पांढरी भुकटी दिसेल. आमच्याकडं त्या भुकटीनं डोलकाठ्या भोकाभोकानं खाल्ल्यात.

जुना_सॅपर:

खलाशी, तुमचं खाऱ्या पाण्याचं बरोबर. उजनी गोडी आहे. तारा ३१६ च्या घ्याव्यात, पण सुकाणूच्या बिजागऱ्या आणि पट्ट्यांना इथं मिळणारं ३०४ चालेल. कोकणासारखा पैसा ओतायची गरज नाही. पांढऱ्या भुकटीचं मात्र गोड्या पाण्यातही खरं आहे, फक्त हळू होतं. दोन धातूंच्या मध्ये पातळ नायलॉनचा वॉशर ठेवला की भागतं.

पिकोचं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. आम्ही सगळं हातानं शिवत होतो.

हिप्परग्याचा_वारा:

काका, ट्यूबचा प्रयोग केला. पोरं जमली होती बघायला. फेस आला तो टाकी आणि मागच्या फळीच्या सांध्याला, वीतभर चीर आहे. उजवी टाकी पक्की. कापूस एका तारेवर नाही, दोन तारांवर अडकला, म्हणजे तिन्हींची ऑर्डर. बिजागऱ्यांचे स्क्रू हातानंच निघाले, आतलं लाकूड भुसभुशीत.

आता चिरेचं. एमआयडीसीतला फायबरवाला म्हणतो, वरून मॅट, म्हणजे काचेच्या सुट्या तंतूंची चटई, आणि पॉलिस्टर रेझिन मारतो, संध्याकाळी घेऊन जा. देऊ का?

जुना_सॅपर:

नका देऊ. ताजं पॉलिस्टर ताज्या पॉलिस्टरला घट्ट धरतं, चाळीस वर्षं जुन्याला नुसतं चिकटून राहतं. नवीन टाकी बनवायला ते उत्तम, जोडाला नाही. तुम्ही एपॉक्सी रेझिन घ्या आणि काचेच्या तंतूंचं कापड विणलेलं घ्या. मॅट नको, कारण मॅटमधलं बंधन पॉलिस्टरमध्ये विरघळतं, एपॉक्सीत विरघळत नाही, आणि ती कडक राहून वळणावर बसत नाही.

कापड लावण्याआधीची घासणी हेच खरं काम. चिरेच्या दोन्ही बाजूंना उतार द्या. जाडीच्या बारापट लांब, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. तोंडाला मास्क लावा, ती धूळ काचेची आहे. घासून झालं की दहाच्या नाण्यानं आजूबाजूला टकटक करत जा. आवाज खणखणीत तर ठीक, भद्द आला तर थर सुटलेत, उतार तिथपर्यंत न्या. मग सुटं लाकूड खरवडून चांगलं वाळू द्या. ओल्या लाकडावर एपॉक्सी म्हणजे कुजण्याला झाकण. स्क्रूंची भुसभुशीत भोकं मोठी करून एपॉक्सीनं भरा आणि घट्ट झाल्यावर त्यातच नवीन भोक पाडा. बिजागऱ्यांना स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि आतून रुंद वॉशर. सुकाणू वर उचलून निघू नये म्हणून छोटी स्प्रिंगपट्टी असते, ती गहाळ असेल तर करून घ्या, नाहीतर होडी कलंडली की सुकाणू एकीकडं आणि तुम्ही दुसरीकडं.

एपॉक्सी पहाटे मिसळा. थोडं थोडं, पसरट ताटलीत. पेल्यात भरपूर कालवलंत तर आपल्या उन्हाळ्यात धूर काढून दगड होतं. प्रमाण वजनकाट्यावर मोजा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालायची पॉलिस्टरवाल्यांची खोड इथं चालत नाही, जास्त घातलं की ते कायमचं चिकट राहतं. वरून रंगाचा एक हात द्या, ऊन एपॉक्सीला सोसत नाही. हो, पेंटरला आता बोलवा.

मागावरचा_माणूस:

एक विचारायचं राहिलं. दोऱ्या कुठल्या घेणार? विहिरीची निळी प्लास्टिकची घेऊ नका, तिची उन्हात भुकटी होते आणि हाताला कुसळं टोचतात.

हिप्परग्याचा_वारा:

शीड वर ओढायची दोरी मुंबईहून तारांबरोबरच, न ताणणारी पॉलिस्टरची. हातात धरायची इथलीच विणलेली पॉलिस्टरची बघतो. काका, उजनीत नेमकं कुठल्या पातळीला उतरवू? यंदा उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात, गेली होती.

जुना_सॅपर:

प्लसमध्ये चांगली वर आल्याशिवाय नको. पाणी कमी असताना जुन्या गावांच्या भिंती, बाभळीचे बुंधे वर येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे हातभर पाण्याखाली राहतात. होडीच्या मधोमध खोबणीतून पाण्यात उतरणारं पातं एखाद्या भिंतीला लागलं तर त्याच्या खोबणीची फळी फाटते, मग पुन्हा घासणी. चिलापी माशांची जाळी लावलेल्या बाजूला पातं अर्धं वर घेऊन जा आणि मच्छीमारांना आदल्या दिवशी विचारा, जाळी कुठं आहेत ते त्यांनाच माहीत. जलसंपदा खात्याच्या परवानगीचं आत्ताच बघा, तारांपेक्षा तिला वेळ लागेल.

तारा आल्या की इथं कळवा, मी जुळे सोलापुरातच असतो. डोलकाठी उभी करायला तीन माणसं लागतात.