फलकांचे नियम सभागृहापुढे येण्याआधी कोण तपासते?

प्रश्न – मोंढ्यातला दुकानदार

बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी माझे बी-बियाण्यांचे आणि खतांचे दुकान आहे. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर आमच्या नगरपरिषदेत नवे सभागृह आले आणि आता येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘शहरातील जाहिरात फलकांबाबत धोरण ठरविणे’ असा एका ओळीचा विषय आला आहे. सोबत मसुदा जोडलेला नाही. ऐकीव माहिती अशी आहे की, दुकानाच्या पाटीला आकाराची मर्यादा येईल, पाटीसाठी दरवर्षी परवाना शुल्क भरावे लागेल आणि चौकांतील लोखंडी सांगाड्यांचा ठेका एकत्रितपणे दिला जाईल. वाढदिवसांच्या फ्लेक्सबद्दल मात्र कोणी काहीच बोलत नाही, हे मुद्दाम नमूद करतो, कारण गेल्या वर्षभरात माझी पाटी सर्वांत जास्त दिवस झाकली गेली ती त्यांच्यामुळेच.

माझा मावसभाऊ अमेरिकेत राहतो. त्याच्या सांगण्यानुसार तिकडे असा विषय थेट नगर परिषदेपुढे येत नाही. तो आधी नियोजन आयोगाकडे जातो, तेथे जाहीर सुनावणी होते आणि मगच परिषद निर्णय घेते. आपल्याकडे अशी तपासणी करणारे मंडळ आहे का, आणि नसल्यास माझ्यासारख्याने आपले म्हणणे कोणत्या टप्प्यावर आणि कोणापुढे मांडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – परदेशस्थ परभणीकर

आपल्या मावसभावाने सांगितले ते बरोबर आहे. मात्र त्या आयोगाचे अधिकार नेमके समजून घ्यावेत. अमेरिकेतील पहिला शहर नियोजन आयोग कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे 1907 मध्ये स्थापन झाला आणि 1928 मध्ये तेथील वाणिज्य खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा प्रसिद्ध केल्यावर ही पद्धत देशभर रुजली. आयोगाचे सदस्य बहुधा निवडून आलेले नसून नेमलेले असतात. कोणी वास्तुरचनाकार, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, आणि बहुतेक जण मानधनाशिवाय काम करतात. शहराचे नियोजन कर्मचारी मसुदा आणि त्यावरील टिपण तयार करतात, आयोग सूचना देऊन जाहीर सुनावणी घेतो आणि शेवटी शिफारस करतो. कायदा करण्याचा अधिकार परिषदेकडेच राहतो. तिला शिफारस स्वीकारता येते, बदलता येते किंवा फेटाळताही येते.

फलकांच्या बाबतीत तेथील आयोगांना 2015 पासून फार जपून लिहावे लागते. ॲरिझोनातील गिल्बर्ट या गावाच्या नियमांत वैचारिक फलकाला 20 चौरस फुटांपर्यंत, राजकीय फलकाला काही ठिकाणी 32 चौरस फुटांपर्यंत, तर प्रार्थनेच्या ठिकाणाची दिशा दाखवणाऱ्या तात्पुरत्या फलकाला केवळ 6 चौरस फुटांपर्यंत परवानगी होती. एका लहान चर्चने दावा लावला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही वर्गवारी घटनाबाह्य ठरवली. फलकावर काय लिहिले आहे ते वाचून नियम बदलत असेल, तर तो नियम बहुधा टिकत नाही, असा त्याचा अर्थ घेतला गेला. पुढे 2022 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्या जागेत धंदा आहे त्याच जागेवरची पाटी आणि दुसऱ्याच ठिकाणच्या धंद्याची जाहिरात, असा भेद जागेवर आधारलेला असल्यामुळे तो मजकुरावरचा भेद मानला जाणार नाही. आपल्या प्रश्नाला हा दुसरा निकाल अधिक जवळचा आहे, असे मला वाटते.

उत्तर – निवृत्त रचना सहायक

मी नगररचना विभागात मराठवाड्यातील तीन जिल्ह्यांत काम केले आहे, त्यामुळे आपल्याकडील रचना सांगतो. जशीच्या तशी तुलना होत नाही.

नियोजन समिती आपल्या कायद्यातही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 28 नुसार विकास योजनेच्या प्रारूपावर हरकती आल्यानंतर नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे आपल्या बाबतीत नगरपरिषदेचे, तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार मिळून त्या हरकतींची सुनावणी घेतात आणि अहवाल देतात. अमेरिकेतील आयोगाशी साम्य असलेली हीच एक जागा. परंतु ही समिती कायम बसलेली नसते. विकास योजना सुधारित करण्याची मुदतच कायद्याने 20 वर्षांची ठेवली असल्यामुळे एका पिढीत एकदा ती भरते, हरकती ऐकते आणि विसर्जित होते. दुकानांच्या पाट्यांचा विषय घेऊन तिच्याकडे जाता येणार नाही. जिल्हा नियोजन समितीचे नावही आपल्या कानावर येईल, पण तिचा संबंध जिल्ह्याच्या विकास आराखड्याशी आणि निधीशी आहे, फलकांशी नाही.

बांधकामाच्या अंगाने फलकांचे नियम 3 डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत येतात. तिच्या बाराव्या प्रकरणात बाह्य फलकांचा विषय आहे. ही नियमावली शासनाची आहे. तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार आपल्या नगरपरिषदेला नाही, मग सभागृहाने एकमताने ठराव केला तरी. जागा, शुल्क, ठेका आणि परवान्याच्या अटी या बाबी मात्र नगरपरिषदेच्या कक्षेत येतात, आणि तेथेच मसुदा कोण लिहितो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा शेजारच्या मोठ्या शहराच्या धोरणाची नक्कल असतो. शासनाने 9 मे 2022 रोजी अधिसूचित केलेले जाहिरात फलकांचे नियम महानगरपालिकांसाठी आहेत. ते उचलून 40 हजार वस्तीच्या गावाला लावले की दुकानदाराच्या पाटीची आणि महामार्गाकडेच्या होर्डिंगची गल्लत होते.

ही गल्लत टाळण्याची सोय महानगरपालिका अधिनियमातच आहे. त्याच्या कलम 245 मध्ये त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाविषयीची जाहिरात, ती छतावर उभारलेले आकाशचिन्ह नसेल तर, परवानगीच्या अटीतून वगळलेली आहे. हे कलम आपल्या नगरपरिषदेला थेट लागू होत नाही, परंतु आपल्या हरकतीत ते उदाहरण म्हणून अवश्य द्यावे. वर परभणीकरांनी ऑस्टिनचा जो भेद सांगितला, तो आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे.

उत्तर – लातूरचा संरचना अभियंता

चर्चा पाटीच्या रुंदीवर आणि शुल्कावर चालली आहे, म्हणून वाऱ्याचा मुद्दा मांडतो. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरलेला आहे. त्या वेगाला 20 फूट बाय 10 फुटांच्या फलकावर येणारा दाब, कोणतेही वाढीव गुणक न लावता, साधारण 1,700 किलो वजनाइतका भरतो. गुणक लावले की तो आणखी वाढतो. वैशाखातल्या वळवाच्या वादळात हा भार एका बाजूने अचानक येतो आणि गच्चीच्या कठड्याला चार बोल्टांनी जखडलेला सांगाडा तो पेलू शकत नाही. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला, तेही पावसाळ्यापूर्वीच्या वादळात. त्या फलकाचा आकार सुमारे 120 फूट बाय 120 फूट होता आणि पालिकेची कमाल मर्यादा 40 फूट बाय 40 फूट होती.

त्यामुळे धोरणात संरचना स्थैर्याचे प्रमाणपत्र, ते दर किती काळाने नव्याने द्यायचे त्याची मुदत, आणि प्रमाणपत्र देणाऱ्याने जागेवर जाऊन तपासणी केल्याची नोंद, या तीन गोष्टी असाव्यात असे माझे मत आहे. तिसरी गोष्ट मी मुद्दाम घातली, कारण सांगाडा न पाहता कागदावर सही झालेली प्रमाणपत्रे मी पाहिली आहेत. भिंतीला टेकलेल्या चार फूट उंचीच्या दुकानाच्या पाटीला मात्र हे सोपस्कार लावण्याची काहीही गरज नाही.

उत्तर – माजी नगरसेविका

सभागृहात पाच वर्षे बसलेली असल्यामुळे प्रत्यक्षात काय घडते ते सांगते. एका ओळीचा विषय आणि सोबत टिपणी नाही, याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की ठराव सभेनंतर लिहिला जाणार. ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढे इतिवृत्तात येते आणि अटी पुढे कार्यालयात भरल्या जातात. म्हणून आपण सभेच्या आधी हालचाल करावी.

मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा, त्यात मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्यात अशी मागणी करावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणाच्याही लक्षात राहत नाही. त्याच अर्जाची प्रत नगराध्यक्षांना आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना द्यावी. नगरपरिषदेत नियोजन व विकासासाठी विषय समिती असेल, तर ‘हा विषय आधी समितीकडे पाठवावा’ एवढीच सूचना एखाद्या सदस्याने सभेत मांडली, तरी आपला हेतू बराचसा साधेल. ती समिती म्हणजे अमेरिकेतला आयोग नव्हे, तिच्यात नगरसेवकच असतात, पण निदान मसुदा टेबलावर येतो आणि कोणीतरी तो वाचतो. ठराव होऊन गेला आणि तो बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध आहे असे दाखवता आले, तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी तहकूब करू शकतात. तो मार्ग लांबचा आहे.

वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल आपण लिहिले ते मी हसत हसत वाचले, कारण माझेही लागले होते. त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा आहे, आणि बेकायदा फलकांवर कारवाई करण्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये दिलेले आदेश महानगरपालिकांबरोबर नगरपरिषदांनाही बांधील आहेत. आपल्या अर्जात त्यांचा उल्लेख असू द्यावा; तो वाचणाऱ्यांपैकी काहींचे फोटो चौकात असतील, त्याला इलाज नाही.

मोंढ्यातला दुकानदार

सर्वांचा आभारी आहे. आज सकाळी अर्ज देऊन पोच घेतली. कलम 245 चे उदाहरण आणि स्थैर्य प्रमाणपत्राचे तिन्ही मुद्दे त्यात घातले आहेत. एक शंका उरली आहे. माझ्या पाटीवर वर कंपनीचे नाव इंग्रजीत मोठे आणि खाली दुकानाचे नाव मराठीत लहान आहे. पाटी कंपनीनेच बसवून दिली आहे. याचा या धोरणाशी काही संबंध येतो का?

निवृत्त रचना सहायक

धोरणाशी येत नाही, पण दुसऱ्या कायद्याशी येतो. दुकाने व आस्थापना अधिनियमात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, दुकानात कितीही कामगार असले तरी पाटीवर देवनागरी लिपीतील मराठी नाव सुरुवातीला हवे आणि त्याची अक्षरे इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 रोजी त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. शिवाय अशा पाटीचा मोठा भाग कंपनीच्या जाहिरातीचा असल्यामुळे ‘स्वतःच्या व्यवसायाची पाटी’ म्हणून सूट मागताना कार्यालय नेमके तेथेच बोट ठेवील. सुनावणीला जाण्यापूर्वी ती बदलून घ्यावी आणि नव्या पाटीचे छायाचित्र अर्जाला जोडावे.