आजोबांचा पेटीचरखा कुठे ठेवू?

प्रश्न

सातारा जिल्ह्यातलं आमचं गावचं घर मागच्या महिन्यात रिकामं केलं, तेव्हा माळ्यावर आजोबांचा पेटीचरखा सापडला. 1948 साली गांधींच्या खुनानंतर गावातली ब्राह्मणांची घरं जाळली, त्यात आमचं जुनं घर गेलं. आजोबा 42 साली तुरुंगात जाऊन आलेले, अंगावर कायम खादी. पण मारणारा ब्राह्मण होता, एवढं जमावाला पुरलं. चरखा वाचला, कारण तो सुताराकडे दुरुस्तीला होता! आजोबा पुढेही रोज कातत राहिले. आग कुणी लावली ते त्यांना नावानिशी ठाऊक होतं, पण घरात कधी बोलले नाहीत. चुलतभाऊ म्हणतो, त्या गांधी म्हाताऱ्यापायी घर गेलं आपलं, दे भंगारात.

मी तो पुण्याला घेऊन आले. इथे दुसराच पेच. माझं सासर बौद्ध, हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब. सासूबाईंनी पेटी उघडून पाहिली, "गांधींचा ना?" म्हणाल्या, मग "पुणे करार" एवढे दोनच शब्द बोलून आत गेल्या. नवरा म्हणतो, ठेव कुठेही. कुठेही म्हणजे कुठे?

प्रतिसाद १

जय भीम ताई. त्या दोन शब्दांत काय आहे ते आधी बघा. ऑगस्ट 1932 च्या ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते आणि मतं दोन, एक त्यात आणि एक सर्वसाधारण जागेसाठी. 20 सप्टेंबरला गांधी त्याविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसले, 24 ला करार झाला, स्वतंत्र मतदारसंघ गेले. राखीव जागा 71 च्या 148 झाल्या, पण आपला माणूस शेवटी निवडायचा तो सगळ्यांच्या मतांनी, म्हणजे सवर्णांच्या. जागा दुप्पट झाल्याचं गणित कुणी सांगायला लागलं की आमचे वडील पानावरून उठायचे.

आणि ते उपोषण अहिंसक होतं का? यातून अनुयायी देशभर आमच्या लोकांवर दहशत बसवतील, असं बाबासाहेबांनी आधीच जाहीर निवेदनात बजावलं होतं. गांधी त्या उपोषणात दगावले असते तर आमच्या वस्त्यांचं काय झालं असतं, ते तुमच्या आजोबांच्या घराकडे बघून कळतं. पंधरा वर्षांनी त्यांचा खून झाला तेव्हा घरं दुसऱ्यांची जळली, एवढंच.

प्रतिसाद २

मी वर्ध्याची. सेवाग्रामला परचुरे कुटी आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी. गांधी स्वतः त्यांना मालिश करायचे. शाळेच्या सहलीत दर वेळी तिथे उभं करून ही गोष्ट सांगत, आणि ती खरीच आहे. दुसऱ्याच्या जखमेला हात लावणं त्या माणसाला जमायचं. पण ज्याची जखम, त्यानेच उठून स्वतःचा वेगळा हक्क मागितला की घोडं अडायचं. अस्पृश्यता निवारणासाठी गांधींनी काढलेला हरिजन सेवक संघ बघा. पाप सवर्णांचं, तेव्हा प्रायश्चित्तही त्यांचं, म्हणून कारभार त्यांच्याच हाती. बाबासाहेब त्यातून बाहेर पडले. आणि याच बाबासाहेबांच्या महाडच्या परिषदेत, डिसेंबर 1927 ला, मंडपात फोटो होता तो गांधींचा. पाच वर्षांत एवढं तुटलं.

माणूस बदललाही, हे मात्र सोडू नका. शेवटच्या काळात त्यांनी ठरवलं होतं, जोडप्यातलं एक हरिजन असेल तरच लग्नाला जायचं. (तो शब्द सासूबाईंना खटकेल. मलाही खटकतो.) तुमच्या लग्नाला आले असते.

प्रतिसाद ३

आतल्या खोलीत ठेवा, वाद कशाला. वाळवी बघून घ्या आधी.

मूळ प्रश्नकर्ती

वाळवी नाही, बघितली.

काल रात्री पहिले दोन्ही प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. 71 आणि 148 त्यांना पाठच होते. लग्नाचं ऐकून हसल्या, "आला असता आणि मलाच उपदेश केला असता" म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने विचारलं, "तुझ्या आजोबांनी नावं सांगितली नाहीत होय?"

नाही म्हटलं.

"आमच्या वस्तीवर दगड आले तेव्हा आम्ही सगळ्यांची नावं सांगितली. कुणी लिहूनच घेतली नाहीत."

मला काही बोलता येईना. झोपायला जाताना त्या दारात थांबल्या. "बाबासाहेबांच्या फोटोखाली नको. खिडकीपाशी ठेव. आणि त्या चातीला तेल घाल, गंजलीय."